धर्माच्या गायीचे दात

119 विरुद्ध 29.

28 नोव्हेंबर 2023 ला पॅरिसमध्ये मतदान झालं आणि 2030 चं जागतिक प्रदर्शन, ज्याला सगळे ‘एक्स्पो’ म्हणतात, ते सौदीच्या रियाधने नेलं. रियाध 119, दक्षिण कोरियाचं बुसान 29, रोम 17. दुसऱ्या दिवशी कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन देशाची माफी मागितली. आपल्याकडे डिपॉझिट जप्त झालेला उमेदवारसुद्धा संध्याकाळी ‘नैतिक विजया’चे पेढे वाटतो. तिकडे एका प्रदर्शनासाठी राष्ट्राध्यक्ष माफी मागतात, हे पाहून मला त्या देशाची काळजी वाटली.

त्या 29 मतांत माझा वाटा शून्य. पण प्रचारसभेला मी हजर होतो. नुसता हजर नव्हतो, हातात दिव्याची काठी धरून उभा होतो. तेही फुकटात.

सभा म्हणजे बीटीएसची मैफल. ज्यांच्या घरात शाळा-कॉलेजातली मुलगी आहे त्यांना बीटीएस म्हणजे काय ते सांगायला नको; त्यांच्या भिंतींना चिकटपट्टीचे डाग आहेतच. इतरांसाठी: सात कोरियन तरुणांचा गाणारा-नाचणारा संच, 2013 पासून चालू, आणि जगभरच्या चाहत्यांच्या फौजेचं नावच ‘आर्मी’. जुलै 2022 मध्ये या सातांना एक्स्पोचे सदिच्छादूत नेमण्यात आलं. मग 15 ऑक्टोबरला बुसानमध्ये त्यांचा कार्यक्रम जाहीर झाला, प्रवेश विनामूल्य. एरवी यांचं तिकीट काढायचं तर दहा हजार रुपयांच्या पुढचीच बात. हिशोब सरळ होता: आवळा द्यायचा आणि कोहळा काढायचा. गाणी लोकांना, प्रदर्शन शहराला.

यात आणखी एक गंमत होती. कोरियात धडधाकट पुरुषाला सैन्यातली सेवा चुकत नाही, आणि सातांतला थोरला तिशीला टेकला होता. ऑलिंपिकचं पदक आणलं किंवा शास्त्रीय संगीताची ठरावीक आंतरराष्ट्रीय बक्षिसं मिळवली तर सूट असते. पॉप गाऊन जग जिंकलं तर नसते. ऑगस्टमध्ये बुसानच्या महापौरांनी राष्ट्राध्यक्षांना साकडं घातलं की पोरांना बंदुकीऐवजी एक्स्पोच्या कामाला लावा, तीच देशसेवा समजा. राजकारण्यांना कलावंताचं प्रेम कधी येतं हे सगळ्या देशांत सारखंच आहे. दहीहंडीच्या व्यासपीठावर नट उभा करणाऱ्यांना मी ओळखतो, त्यामुळे महापौर मला एकदम घरचे वाटले.

मी तेव्हा नोकरीनिमित्त बुसानमध्ये होतो. समुद्र, डोंगर, माशांचा बाजार आणि मोठमोठ्याने बोलणारी माणसं. मुंबईकराला रुळायला वेळ लागत नाही. बीटीएसमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पुण्यात माझी एक भाची आहे, तेव्हा अकरावीत. तिने फोनवर विचारलं, “मामा, तुला कळतंय का तू कुठे राहतोस?” एवढ्या वर्षांत माझ्या परदेशी नोकरीबद्दल घरातल्या कुणी इतक्या आदराने विचारलं नव्हतं. पुढचे आदेश तिचेच: कुठे नाव नोंदवायचं, किती वाजता, कोणतं बटण आधी दाबायचं. तिची लिपी कोरियन, माझं राहण्याचं कार्ड कोरियन. दोघांत मिळून एक अर्ज भरला गेला. तिकीट लागलं. घरातल्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, जो माझ्या बढतीला पडला नव्हता.

तिकीट फुकट होतं. खोली नव्हती.

फुकट तिकिटाची खरी किंमत बुसानच्या हॉटेलवाल्यांनी ठरवली. कार्यक्रम जाहीर होताच त्या शनिवारच्या खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढले. आधी झालेली आरक्षणं ‘तांत्रिक अडचण’ सांगून रद्द करायची आणि तीच खोली नव्या भावाने विकायची, असे प्रकार झाले. मग महापालिकेची पथकं निघाली, तपासण्या झाल्या, वर्तमानपत्रांनी कान उपटले. भाव तरीही फार खाली आले नाहीत. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-सावंतवाडी खासगी बसचं तिकीट काढणाऱ्याला यात नवं काहीच नाही. आरटीओचं पथक तिथेही निघतं, आणि बस तिथेही भरूनच जाते. जगाला ‘या, आमच्याकडे प्रदर्शन भरवा’ असं सांगणाऱ्या शहराने पाहुण्यांचं स्वागत असं केलं. परीक्षक मंडळींनी ते वाचलं की नाही, देव जाणे.

आता मुद्द्याचं.

हा कार्यक्रम झाला आसियाद स्टेडियममध्ये, पण आधी तो तिथे नव्हताच. पहिली जागा शहराच्या कडेला, गिजांगमध्ये, इल्ग्वांग म्हणून भाग आहे तिथे. बंद पडलेल्या काच कारखान्याचं मोकळं आवार. तिथे एक लाख माणसं जमवायची असा बेत. फोटोच्या दृष्टीने बेत उत्तम. वरून ड्रोन फिरवला की लाख दिवे, पाठीमागे समुद्र, कोपऱ्यात एक्स्पोचं बोधचिन्ह. फुकट कार्यक्रमात गर्दी ही पाहुणी नसते, ती नेपथ्य असते. लाख आकडा कुणाला तरी दाखवायचा असतो. त्या लाखाला पाणी कुठे मिळणार, हा प्रश्न फोटोत येत नाही.

जागा जाहीर झाली आणि आर्मीच्या पोरींनी नकाशे उघडले. आवाराला माणसं आत-बाहेर करायला दार एक. रस्ते अरुंद. स्वच्छतागृहांचा पत्ता नाही. लाखभर माणसं रात्री एकाच वेळी निघाली तर पहाटेपर्यंत तिथेच. त्यांनी गिल्ला केला, आणि नुसता ‘आम्हाला न्याय द्या’ छापाचा नाही. दार दाखवलं, रस्ता दाखवला, विचारलं की सांगा, कसं करणार? फुकट मिळतंय तर गप्प बसा की, असं म्हणणारे कोरियातही निघतातच. आपल्याकडे त्यासाठी म्हण तयारच आहे: धर्माची गाय आणि दात का गं नाय? फुकट मिळालेल्या गायीचे दात मोजणाऱ्याची टिंगल करणारी ही म्हण ज्याने कुणी काढली, तो बहुधा गाय देणाऱ्यांपैकी असावा.

पोरींनी दात मोजले. 2 सप्टेंबरला जागा बदलल्याचं जाहीर झालं.

नवी जागा म्हणजे 2002 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेलं स्टेडियम. दाराशी भुयारी रेल्वे, चहूबाजूंनी फाटकं, शेजारी साजिकचं बेसबॉल मैदान. (तिथे लोट्टे जायंट्सचे प्रेक्षक कचऱ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून डोक्याला बांधत आणि खेळ संपला की त्याच पिशवीत आपला कचरा भरत. डोकं आणि कचरापेटी यांचा असा प्रामाणिक संबंध मी अन्यत्र पाहिलेला नाही.) अडचण एकच: स्टेडियमात मावतात पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे लाखाचे निम्मे झाले. उरलेल्यांसाठी बंदराच्या प्रवासी टर्मिनलच्या वाहनतळावर दहा हजारांची आणि हेउन्दे किनाऱ्यावर दोन हजारांची सोय, मोठ्या पडद्यावर बघायची. इतर जगाने घरी बसून ऑनलाइन बघावं. ड्रोनचा फोटो निम्म्याने आक्रसला, महापालिकेचं मन किती आक्रसलं ते कळायला मार्ग नाही.

या पोरींना एवढं दारांचं वेड का, असं कुणी विचारलं तर त्यांना सांग्जू आठवतं. 3 ऑक्टोबर 2005. सांग्जू हे कोरियाच्या आतल्या भागातलं छोटं शहर. तिथल्या नागरिक स्टेडियमवर टीव्हीसाठी गाण्यांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण, प्रवेश फुकट. नामवंत गायक येणार म्हणून गावोगावच्या आज्या नातवंडांचा हात धरून दुपारपासून बाहेर उभ्या. कार्यक्रमाच्या थोडं आधी एक दार उघडलं. मागच्यांनी रेटलं, पुढचे पडले, 11 माणसं गेली. बहुतेक म्हाताऱ्या बायका आणि मुलं. स्टेडियमला दारं पुष्कळ होती. प्रश्न ती किती उघडली आणि कधी उघडली याचा होता. मग 2014 चा ऑक्टोबर, सोलजवळचं पांग्यो. उघड्यावर फुकट कार्यक्रम, मागच्यांना दिसेना म्हणून लोक जमिनीवरच्या वायुवीजनाच्या जाळीवर चढले. जाळी कोसळली, 16 गेले. तिथे दाराचाही प्रश्न नव्हता. पायाखाली काय आहे हे कुणी बघितलं नव्हतं.

त्याच पांग्योने 15 ऑक्टोबर 2022 लाही हजेरी लावली. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तिथल्या एका डेटा सेंटरला आग लागली आणि काकाओ बंद पडलं. काकाओ बंद पडणं म्हणजे काय हे कोरियात राहिल्याशिवाय कळत नाही. निरोप काकाओवर, टॅक्सी काकाओवर, नकाशा काकाओवर, मित्राला दिलेले जेवणाचे पैसे काकाओवर. सगळं एका दोरीवर वाळत घातलेलं, आणि दोरी तुटली. सगळं पूर्ववत व्हायला पाच दिवसांहून अधिक लागले आणि कंपनीच्या एका प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. पण ते नंतर. त्या दुपारी स्टेडियमभोवती माणसांचा समुद्र, आणि कुणालाच कळेना की आपली मैत्रीण कोणत्या फाटकाशी उभी आहे. पोरी एकमेकींना हाका मारत होत्या, तोंडाने. आजूबाजूच्या म्हाताऱ्या कोरियन बायका कौतुकाने बघत होत्या; त्यांच्या तरुणपणी असंच शोधत.

माझा फोन मात्र धडाधड वाजत होता. काकाओ बंद, व्हॉट्सअ‍ॅप चालू. अख्खा कोरिया गप्प झालेला असताना आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दुपारच्या जेवणाची चर्चा, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे आणि उशिरा उठलेल्या काकांचं गुलाबाच्या फुलासह ‘शुभ सकाळ’. शेजारची कोरियन मुलगी माझ्या पडद्याकडे मत्सराने बघत होती. मराठी संयुक्त कुटुंबाचा हेवा करणारी ती जगातली पहिली व्यक्ती असावी.

रांग मात्र बघण्यासारखी. तिकिटावर नाव, हातात ओळखपत्र, चेहरा जुळला की आत. परदेशी असलात तर कार्ड उलटसुलट करून बघायचे, पण वैतागून नाही. फुकटचं तिकीट चढ्या भावात विकणारे निघालेच होते; पण दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन आत जाणं सोपं नव्हतं. किती माणसं आत आहेत हे बाहेरच्याला ठाऊक होतं. पन्नास हजारांच्या फुकट कार्यक्रमात मला एकदाही कोपर लागलं नाही. दादर स्थानकाच्या पुलावर रोज सकाळी तिकीट काढून जास्त लागतात.

मैफलीबद्दल काय सांगू? सहा वाजता सुरू झाली. भाचीने सातही जणांची पूर्ण नावं क्रमाने पाठ करून घेतली होती, कारण गाण्याच्या ठरावीक जागी ती सगळ्यांनी ओरडायची असतात. मी चौथ्या नावाशी अडखळायचो, तोवर पन्नास हजार लोक सातव्याला पोचलेले. हातातल्या काठ्यांचे रंग आपोआप बदलत. ते वायरलेसने मंचावरून चालतं. म्हणजे मी दिवा धरलेला, पण लावणारा आणि विझवणारा दुसराच. सरकारी योजनेत लाभार्थ्याची जागा नेमकी कुठे असते, हे मला त्या संध्याकाळी लख्ख कळलं. गाणी? अहो, चांगली होती. नाच तर फारच चांगला. मार्चमध्ये सोलच्या त्यांच्याच कार्यक्रमात करोनाच्या नियमांमुळे ओरडायला बंदी होती, प्रेक्षकांनी नुसत्या टाळ्या वाजवून भागवलं होतं. ती सात महिन्यांची उधारी बुसानमध्ये वसूल झाली. माझे कान रविवारभर साक्ष देत होते.

सुटल्यावरही तेच. कुणी पळालं नाही. काकाओची टॅक्सी नव्हती, म्हणून सगळे भुयारी रेल्वेकडे, हातात लाल काठ्या घेतलेली माणसं दाखवतील तसे. दोन दिवसांनी, 17 ऑक्टोबरला, बीटीएसच्या कंपनीने जाहीर केलं की सातही जण सैन्यात जाणार, थोरल्यापासून सुरुवात. महापौरांचं साकडं तिथेच मिटलं. तेरा महिन्यांनी पॅरिसला एक्स्पोही मिटलं. आवळा गेला, कोहळा गेला.

माणसं मात्र सगळी घरी पोचली. फुकट कार्यक्रमाचं यश मी एवढ्यावरच मोजतो, आणि ही माझी भाबडी समजूत नाही. कारण मैफलीच्याच महिन्यात, बरोब्बर दोन आठवड्यांनी, 29 ऑक्टोबरला सोलच्या इतेवॉन भागात हॅलोविनच्या रात्री एका उतरत्या गल्लीत 159 माणसं गेली. बहुतेक विशी-तिशीतली. गल्ली जेमतेम चार मीटर रुंदीची. ‘चेंगरून मरू असं वाटतंय’ अशा अर्थाचा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी गेला होता. लोक दहानंतर मेले. सरकारचं म्हणणं, कार्यक्रमाला अधिकृत आयोजक नव्हता, त्यामुळे नियमावलीही नव्हती. तोच देश, तीच शिस्तशीर माणसं, तोच महिना. ‘कोरियन लोक मुळातच शिस्तीचे’ हे आपल्या पर्यटकांचं लाडकं वाक्य आहे. मुळात कुणीच शिस्तीचं नसतं. कुणीतरी माणसं मोजलेली असतात, दारं मोजलेली असतात, इतकंच.

आता आपण.

4 जुलै 2024. विश्वचषक जिंकून आलेला क्रिकेट संघ, नरिमन पॉइंट ते वानखेडे मिरवणूक, स्टेडियमात प्रवेश फुकट, पहिल्या येणाऱ्याला पहिली जागा. तिकीट नाही, नाव नाही, मोजणी नाही. मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा उरली नाही. काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी पालिकेने चपला-बूट गाड्या भरभरून उचलले. जीव गेले नाहीत, म्हणून आपण त्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हटलं. अनवाणी घरी गेलेल्यांना विचारायला हवं होतं. पुढच्याच वर्षी, 4 जून 2025 ला, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजेत्यांच्या सत्काराला लोक लोटले. प्रवेश फुकट, पास आहे की नाही याचा घोळ, पस्तीस हजारांच्या आसपास क्षमतेच्या मैदानाबाहेर दोन लाखांहून जास्त माणसं. 11 गेले. सांग्जूलाही 11 होते. मधे वीस वर्षं आणि दोन देश, आणि दारं तशीच.

खारघर तर आपलंच. 16 एप्रिल 2023, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, भर उन्हात लाखो श्रीसदस्य, म्हणजे सत्कारमूर्तींचे अनुयायी. प्रवेशाला पैसे नव्हते. मंचावर सावली होती, मैदानात नव्हती. 14 जण उष्माघाताने गेले. तिथे तर श्रद्धाळू माणसं. त्यांनी दात मोजायचा विचारही मनात आणला नसेल. मोजायचे कुणी, हे ठरलेलंच नव्हतं.

आपल्याकडच्या आयोजकाला फुकट कार्यक्रमाला तिकीट ठेवा म्हटलं की तो दुखावतो. लोकांसाठी आहे, लोकांना कसलं तिकीट? असा त्याचा सवाल. तिकीट ठेवलं की जागा संपतात, जागा संपल्या की आकडा थांबतो, आणि आकडा थांबला की बॅनरवर ‘लाखोंचा जनसागर’ छापता येत नाही. सगळी मेख तिथे आहे. बुसानला लाखाचे पन्नास हजार झाले, कारण पोरींनी जाहीरपणे किटकिट केली. आपल्याकडे किटकिट करणाऱ्याला ‘फुकट पाहिजे आणि वर तोंड’ असं ऐकवलं जातं. ऐकवू द्या.

भाची आता अभियांत्रिकीला आहे. परवा तिच्या कॉलेजच्या महोत्सवात मोठा गायक येणार होता, प्रवेश खुला. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी प्राचार्यांना अर्ज दिला: मैदानाला दोनच फाटकं आहेत, त्यातलं एक कायम कुलपात असतं, त्याची किल्ली कुणाकडे आहे? प्राचार्य म्हणाले, “तुम्हाला कार्यक्रम नको आहे का?” पोरींनी दुसरा अर्ज दिला. कुलूप निघालं.

तेव्हा वाचकहो, गणपती येतील, निवडणुका येतील, विजयाच्या मिरवणुका येतील, आणि ‘प्रवेश विनामूल्य’चे फलक चौकाचौकात लागतील. फलकावर आयोजकांचा फोन नंबर असतो, नेत्याच्या हसऱ्या फोटोखाली, बारीक अक्षरात. तो लावा. दारं किती, उघडणार किती वाजता, आत माणसं किती घेणार आणि बाहेर कुठून सोडणार, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळालं तर जरूर जा. ‘या हो, भरपूर जागा आहे’ असं उत्तर मिळालं तर घरीच थांबा आणि लेकरांनाही थांबवा.